एका ‘स’ची गोष्ट : श्रमिकांच्या रात्रशाळेतील इंग्रजी

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर. संध्याकाळचे सात वाजले आहेत. दिवसभर हॉटेलातल्या खोल्या आवरून, शिवण कारखान्यात मशीन चालवून, कुणाच्या बंगल्यातले गवत कापून, तर कुणाचे म्हातारे आई-वडील सांभाळून थकलेली माणसे एका शाळेच्या बाकांवर येऊन बसतात. बाक लहान मुलांचे, बसणारी माणसे चाळिशीतली. हाताला अजून सिमेंटचा नाहीतर फिनेलचा वास. फळ्यावर मास्तरीणबाई तीन वाक्ये लिहितात : ‘आय वर्क. यू वर्क. ही वर्क्स.’ सारा वर्ग एका सुरात म्हणतो : ‘आय वर्क. यू वर्क. ही वर्क.’ बाई पुन्हा शेवटच्या ‘स’वर बोट ठेवतात. वर्ग हसतो, मान डोलावतो आणि पुन्हा म्हणतो : ‘ही वर्क.’

स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांना इंग्रजीचा पहिला धडा देणाऱ्या कुठल्याही वर्गाचे हे चित्र आहे. वाचकहो, तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या मजुरांच्या ‘स’शी आमचे काय देणेघेणे? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण या एका ‘स’चा माग काढत गेलो, तेव्हा त्यामागे पोटाचा प्रश्न दिसला, मानाचा प्रश्न दिसला आणि शाळेच्या दारात अडवलेली लेकरेही दिसली. म्हणून ही गोष्ट आपल्या कौटुंबिक पानावर सांगाविशी वाटली.

कोण हे विद्यार्थी?

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारी माणसे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांतील कित्येकांचे इंग्रजी उत्तम आहे, कित्येकांच्या पिढ्या तिथेच वाढल्या. कॅलिफोर्निया, टेक्सास हे मुलूख तर १८४८ पर्यंत मेक्सिकोचा किंवा मेक्सिको आपला म्हणत असलेला प्रदेश होते. तेव्हा स्पॅनिश ही तिथे काल आलेली पाहुणी नव्हे. परंतु मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास या देशांतून पोटापाण्यासाठी नव्याने आलेला माणूस इंग्रजीचे एक अक्षर न घेता येतो. त्याला काम मिळते, पण शेवटच्या पायरीचे. शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाला दोन वाक्ये इंग्रजी येते, म्हणून तो मुकादम आणि हा हमाल.

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक प्रौढशाळांत इंग्रजीचे वर्ग साधारणपणे विनाशुल्क असतात. तिथे ‘मी आहे, तू आहेस’ एवढे झाले की लगेच साधा वर्तमानकाळ येतो. कारण माणसाचे रोजचे जगणे याच काळात सांगितले जाते. मी कुठे राहतो, काय काम करतो, किती वाजता उठतो, माझी मुले कुठल्या शाळेत जातात, मला काय दुखते, मालक पगार कधी देतो; हे सारे साधा वर्तमानकाळ आल्याशिवाय नीट सांगता येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा धडा सर्वांत सोपा म्हणून पहिला असतो. वास्तविक पाहता तो इतका सोपा नाही.

‘तू’चा ‘स’ गेला ‘तो’कडे

स्पॅनिशमध्ये ‘काम करणे’ या क्रियापदाला ‘त्राबाखार’ म्हणतात. त्याची वर्तमानकाळी रूपे पाहा. मी काम करतो : त्राबाखो. तू करतोस : त्राबाखास. तो किंवा ती करते : त्राबाखा. आम्ही करतो : त्राबाखामोस. ते करतात : त्राबाखान. स्पेन देशात ‘तुम्ही सगळे’ यासाठी आणखी एक रूप आहे, ते लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत. म्हणजे करणारा बदलला की क्रियापदाची शेपटी बदलते. आपल्या मराठीतही तेच. करतो, करतोस, करता, करतात. शेपटी ऐकली की करणारा कोण ते कळते.

इंग्रजीने मात्र या सगळ्या शेपट्या छाटून टाकल्या आणि एकच ठेवली. आय वर्क, यू वर्क, वी वर्क, दे वर्क, सगळीकडे ‘वर्क’. फक्त ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ यांच्यापुढे ‘वर्क्स’. पाच रूपे बिनचूक बोलणाऱ्या माणसाला दोन रूपे जड का जावीत? त्याची कारणे मोठी मजेशीर आहेत.

पहिले कारण आपल्याला चटकन कळेल. ‘त्राबाखास’ आणि ‘करतोस’ ही दोन रूपे शेजारी ठेवा. स्पॅनिशमध्ये काय किंवा मराठीत काय, शेवटचा ‘स’ हा ‘तू’चा आहे. लहानपणापासून कानाला सवय अशी की ‘स’ आला म्हणजे समोरच्याशी बोलणे चालले आहे. आणि इंग्रजी सांगते की ‘स’ समोरच्याचा नाही, तो तिथे हजर नसलेल्या तिसऱ्याचा. आईच्या दुधाबरोबर आलेली सवय एका संध्याकाळी कशी बदलावी?

दुसरे कारण नामाचे. स्पॅनिशमध्ये एक ‘लिब्रो’ म्हणजे एक पुस्तक आणि अनेक ‘लिब्रोस’. इंग्रजीतही अनेकवचनाला ‘स’च लागतो. तेव्हा शिकणारा म्हणतो, ‘स’ म्हणजे अनेक. मग तो ‘दे वर्क्स’ म्हणतो आणि ‘ही वर्क’ म्हणतो. त्याचा तर्क चुकलेला नाही, इंग्रजीचा हिशेबच उलटा आहे.

तिसरे कारण जिभेचे. स्पॅनिश शब्दाच्या शेवटी बहुधा स्वर असतो किंवा एखादेच सोपे व्यंजन. ‘वर्क्स’, ‘आस्क्स’ अशी व्यंजनांची गर्दी तिथे नसते. शिवाय इंग्रजीत हा ‘स’ तीन तऱ्हांनी उच्चारतात. ‘वर्क्स’मध्ये स्पष्ट ‘स’, ‘लिव्हज’मध्ये आपल्या ‘झोप’मधल्या ‘झ’सारखा, आणि ‘वॉशेस’मध्ये ‘इझ’. लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्ये तो ‘झ’चा आवाज वेगळा ध्वनी म्हणून नाहीच. त्यातून क्यूबा, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक इथली माणसे आपल्या बोलीतसुद्धा शेवटचा ‘स’ हलका करतात किंवा गिळून टाकतात. जो ‘स’ घरीच ऐकू येत नाही, तो परक्या भाषेत तोंडातून कसा निघणार? शब्दाच्या सुरुवातीला मात्र उलट होते. ‘स’ला जोडाक्षर आले की त्याआधी एक ‘ए’ येतो. ‘आय एस्टडी’, ‘आय एस्पीक’. आपल्याकडे ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ म्हणणारी माणसे आपण ऐकलीच आहेत. त्यांना हसायचे कारण नाही. जीभ आपला जुना रस्ता शोधते, एवढेच.

पण सगळा भार मातृभाषेवर टाकणेही बरोबर नाही. १९७३-७४ च्या सुमारास हायडी ड्युले आणि मरीना बर्ट या दोन संशोधक महिलांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांचे इंग्रजी तपासले. दोन्ही भाषांच्या मुलांना काही गोष्टी लवकर येत होत्या आणि काही उशिरा. अनेकवचनाचा ‘स’ लवकर येतो, ‘वर्किंग’मधला ‘इंग’ लवकर येतो. क्रियापदाचा हा ‘स’ मात्र मागून येतो. इतकेच कशाला, घरात इंग्रजीच बोलणारी गोरी बालकेसुद्धा तो उशिरा शिकतात, हे रॉजर ब्राऊन यांनी १९७३ मध्ये आपल्या ग्रंथात दाखवले आहे. तात्पर्य, पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहिलेला ‘स’ तोंडात बसायला वर्षही लागू शकते. त्यासाठी कुणाला मंदबुद्धी ठरवणे हा अन्याय आहे.

कर्ता कुठे हरवला?

शेपटीवरून करणारा कळतो, म्हणून स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुतेक वेळा गाळतो. नुसते ‘त्राबाखो’ म्हटले की ‘मी काम करतो’ हा अर्थ पुरा झाला. आपणही ‘येतो हं’ म्हणूनच घरातून निघतो. इंग्रजीत मात्र शेपट्या गेल्या, त्यामुळे कर्ता बोलावाच लागतो. पाऊस पडतो तर तिथेही ‘इट’ नावाचा एक पोकळ कर्ता उभा करावा लागतो. शिकणारा म्हणतो, ‘इज माय ब्रदर. वर्क इन रेस्टॉरंट.’ ऐकणारा विचारतो, कोण वर्क?

आणखी एक गाठ आहे. स्पॅनिशमध्ये जवळच्याला ‘तू’ आणि मानाने बोलायचे तर ‘उस्तेद’ म्हणतात. या ‘उस्तेद’ला क्रियापद मात्र ‘तो’चे लागते. म्हणजे डॉक्टरांशी, मालकाशी, बाईंशी अदबीने बोलताना त्यांची भाषा तिसऱ्या पुरुषाची होते. मग इंग्रजीतला एकच ‘यू’ त्यांना उद्धट वाटतो. साहेबालाही ‘यू’ आणि पोरालाही ‘यू’, हे कसे? इथे चांगली शिक्षिका थांबून समजावते की इंग्रजीत मान ‘प्लीज’मध्ये आणि ‘सर’मध्ये दाखवतात, क्रियापदात नाही. एवढे सांगितले की माणसाचा संकोच निम्मा कमी होतो.

‘डू’ नावाचा मुका मदतनीस

खरी परीक्षा ‘नाही’ म्हणण्याची. स्पॅनिशमध्ये क्रियापदापुढे ‘नो’ ठेवला की झाले : ‘नो त्राबाखो’, मी काम करत नाही. म्हणून शिकणारा सरळ म्हणतो, ‘आय नो वर्क.’ प्रश्न विचारायचा तर आवाज वर चढवला की पुरे. लिहिताना तर ते वाक्याच्या आधीही एक उलटे प्रश्नचिन्ह देतात. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘डू’ लागतो. ‘आय डू नॉट वर्क.’ ‘डू यू वर्क?’ आता या ‘डू’चा अर्थ काय? तर काहीच नाही! तो नुसता ओझे वाहणारा हमाल आहे. आणि गंमत अशी की ‘करणे’ या अर्थाचा दुसरा ‘डू’ही आहेच. ‘व्हॉट डू यू डू?’ या प्रश्नात दोघे एकदमच येतात. नवा विद्यार्थी चक्रावून जातो. वर त्याचा अर्थ ‘आता काय करतोस’ असा नाही, तर ‘तुझा कामधंदा काय’ असा. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न आधी येतो. त्याला ‘आय सिट हिअर’ असे उत्तर दिले तर काय होईल?

यात आपला ‘स’ पुन्हा घोळ घालतो. ‘ही वर्क्स’ नुकते कुठे जमले, आणि नकार आला की ‘ही डझ नॉट वर्क्स’ होते. हे टाळण्यासाठी एक सोपा खेळ खेळतात. तीन विद्यार्थ्यांना पुढे उभे करायचे. एक ‘ही’, एक ‘वर्क’. ‘वर्क’च्या हातात ‘स’ लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड द्यायचे. मग तिसरा ‘डू’ येऊन मध्ये उभा राहतो. ‘वर्क’ने आपले कार्ड त्याच्या हाती सोपवायचे आणि रिकाम्या हाताने उभे राहायचे. घरात ‘स’ एकच आहे. तो ‘डू’कडे गेला की ‘वर्क’कडे उरत नाही. दहा पाने व्याकरण वाचून जे समजत नाही, ते या पुठ्ठ्याच्या तुकड्याने पाच मिनिटांत समजते. कारण हातातली वस्तू देणे आणि घेणे काम करणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही.

‘असणे’ या अर्थाच्या ‘हॅव’चीही अशीच एक गोष्ट. स्पॅनिशमध्ये वय, भूक, थंडी हे सारे ‘माझ्याजवळ आहे’ असे सांगतात. म्हणून तिथला माणूस ‘आय हॅव थर्टी इयर्स’, ‘आय हॅव हंगर’ असे म्हणतो. मराठीत आपल्याला भूक ‘लागते’, स्पॅनिशमध्ये ती ‘जवळ असते’ आणि इंग्रजीत माणूस स्वतःच ‘भुकेला असतो’. भूक तीच, तिला सांगण्याच्या तऱ्हा तीन!

नेहमीचे की आताचे?

आता ज्यात खरोखर नुकसान होते ती गोष्ट सांगतो. स्पॅनिशचा साधा वर्तमानकाळ नेहमीच्या गोष्टीलाही चालतो आणि या क्षणी चाललेल्या गोष्टीलाही चालतो. इंग्रजीत तसे नाही. ‘आय टेक धिस मेडिसिन’ म्हणजे हे औषध मी नियमित घेतो. ‘आय अॅम टेकिंग’ म्हणजे सध्या घेत आहे. डॉक्टर विचारतात, ‘डू यू ड्रिंक?’ म्हणजे तुम्हाला दारूची सवय आहे का? माणसाला वाटते, आता पाणी पिणार का असे विचारतात. तो आनंदाने ‘येस’ म्हणतो. कागदावर काय नोंद होईल, विचार करा.

‘आय वर्क हिअर फाइव्ह इयर्स’ हे वाक्यही असेच. स्पॅनिशमध्ये ‘पाच वर्षांपासून काम करतो’ हे वर्तमानकाळातच सांगतात. इंग्रजी कानाला मात्र ते अर्धवट लागते. पाच वर्षे केले आणि सोडले, की अजून करतो? नोकरीची वर्षे मोजून जिथे हक्क मिळतो, तिथे या संदिग्धतेची किंमत मजूर मोजतो. तसेच पगाराचे. ‘बॉस नो पे’ एवढे बोलून तक्रार उभी राहत नाही. ‘ही डझ नॉट पे ओव्हरटाइम’ म्हणजे तो जादा कामाचे पैसे देत नाही, हा त्याचा नित्याचा शिरस्ता आहे. ‘ही डिड नॉट पे’ म्हणजे एकदा दिले नाहीत. एक चूक आणि एक लूट, यांतला फरक क्रियापदाच्या काळात दडलेला आहे.

औषधाच्या बाटलीवरचा एक शब्द तर जिवावर बेतू शकतो. किती वेळा ते सांगणारे शब्द साध्या वर्तमानकाळाबरोबरच शिकवतात : ऑल्वेज, नेव्हर, एव्हरी डे, वन्स अ डे. हा ‘वन्स’ इंग्रजीत ओ, एन, सी, ई या चार अक्षरांनी लिहितात आणि त्याचा अर्थ ‘एकदा’. पण नेमकी हीच चार अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचतात, आणि ‘ओन्से’ म्हणजे अकरा! दिवसातून एक गोळी की अकरा? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील औषधदुकानांत संगणकाने तयार होणाऱ्या स्पॅनिश चिठ्ठ्यांची पाहणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या चिठ्ठ्यांत चुका आढळल्या आणि त्यात या ‘वन्स’चा धोका ठळकपणे नोंदवला गेला. म्हणून जाणती शिक्षिका हा शब्द फळ्यावर लिहून त्यापुढे एकच गोळी काढते आणि वर्गाकडून घोकून घेते. तिथे व्याकरण आणि आरोग्य हे दोन विषय उरत नाहीत.

भाषेचा बहाणा

आता थोडा इतिहास. कारण ‘यांना इंग्रजी येत नाही’ हे वाक्य अमेरिकेत फार वाईट कामासाठी वापरले गेले आहे.

जानेवारी १९३१. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेमन ग्रोव्ह नावाचे गाव. नाताळची सुट्टी संपवून मुले शाळेत आली, तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते. मेक्सिकन मुलांना त्यांनी आत येऊ दिले नाही. तुमच्यासाठी निराळी शाळा बांधली आहे, तिकडे जा, असे सांगितले. कारण दिले भाषेचे : यांना इंग्रजी कमी येते, यांची वेगळी सोय हवी. ती नवी शाळा म्हणजे दोन खोल्यांची इमारत. लोकांनी तिला ‘काबायेरीसा’ म्हटले, म्हणजे घोड्यांचा तबेला. त्या तबेल्यात मुले पाठवायला आई-बापांनी नकार दिला, समिती स्थापन केली आणि न्यायालयात धाव घेतली. खटला रॉबर्टो अल्वारेझ या बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने चालला. तो हुशार होता आणि इंग्रजी चांगले बोलत होता. भाषेचा बहाणा तिथेच उघडा पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायाधीशांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला.

तरीही इतरत्र वेगळ्या शाळा चालूच राहिल्या. वेस्टमिन्स्टर या गावी गोन्सालो आणि फेलिसितास मेंदेझ या शेतकरी जोडप्याच्या मुलांना जवळच्या शाळेने नाकारले. गंमत पाहा, मुलांची आत्या सर्वांना घेऊन गेली होती. तिच्या स्वतःच्या मुलांचा रंग उजळ, त्यांना प्रवेश मिळाला. भावाच्या सावळ्या मुलांना मिळाला नाही. भाषा तर दोन्ही घरांत एकच होती! आत्याने आपलीही मुले परत आणली. १९४५ मध्ये मेंदेझ आणि आणखी चार कुटुंबांनी दावा लावला. साक्षीत एका शाळाधिकाऱ्याने ही मुले अस्वच्छ असतात असेही सांगितले. फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी निकाल दिला की अशी विभागणी घटनेविरुद्ध आहे; आणि मोठे मार्मिक कारण दिले. मुलांना वेगळे ठेवल्याने त्यांचे इंग्रजी सुधारत नाही, उलट मागे पडते, कारण इंग्रजी कानावर पडण्याची संधीच हिरावली जाते. १९४७ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरेन यांनी शाळांतील विभागणीचा कायदा रद्द करण्यावर सही केली. पुढे हेच वॉरेन सरन्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल त्यांनी लिहिला. दाव्याच्या वेळी लहान असलेल्या सिल्व्हिया मेंदेझ यांना २०११ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वातंत्र्यपदक देऊन गौरवले.

पुरलेली भाषा

एकीकडे वेगळे बसवायचे आणि दुसरीकडे घरची भाषा तोंडातून काढायची नाही अशी सक्ती करायची, हा दुसरा छळ. टेक्सासमधील मार्फा गावच्या ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाची मुले वेगळी शिकत. १९५४ मध्ये तिथे मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या, त्या एका पेटीत भरल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा करून ती पेटी पुरली. ‘मिस्टर स्पॅनिश’ची अंत्ययात्रा! आपल्याच आईची भाषा आपल्याच हातांनी मातीत घालायला लावली. १९६५ मध्ये ती वेगळी शाळा बंद झाली. २००७ मध्ये म्हातारे झालेले तिथले माजी विद्यार्थी पुन्हा जमले आणि त्यांनी एक स्पॅनिश शब्दकोश जमिनीतून वर काढला. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली जाते.

मार्च २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा घोषित झाली. तेव्हा इंग्रजी शिकण्याची निकड वाढलीच आहे. प्रश्न शिकावे की नाही हा नाही. श्रमिकांना इंग्रजी हवीच आहे, नाहीतर बारा तास राबून ते बाकांवर येऊन बसले नसते. प्रश्न असा की इंग्रजी द्यायची ती माणसाची भाषा पुरून द्यायची, की तिच्या खांद्यावर हात ठेवून?

शिकवावे कसे?

आम्हाला वाटते, उत्तर त्या ‘स’मध्येच आहे. ‘त्राबाखास’मधला ‘स’ ज्या शिक्षिकेला माहीत आहे, तिला ‘ही वर्क’ ऐकून राग येत नाही. ती म्हणते, तुमच्या भाषेत ‘स’ ‘तू’चा आहे, या भाषेत तो ‘तो’चा आहे. दोन घरांची रीत वेगळी. इतके म्हटल्याने शिकणाऱ्याची भाषाही वर्गात मानाने बसते.

ब्राझीलचे थोर शिक्षक पावलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस गावी सुमारे तीनशे श्रमिकांना चाळीस तासांच्या शिकवणीत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यांवर बोलायचे आणि त्यातून अक्षरे शिकवायची, ही त्यांची पद्धत. हीच वाट धरून एल्सा आवरबाख आणि नीना वॉलरस्टाइन या दोन शिक्षिकांनी १९८७ मध्ये कामगारांना इंग्रजी शिकवण्यासाठी एक पुस्तक काढले. व्याकरणाचे वाक्य कामगाराच्या प्रश्नातून यावे, हा त्यांचा आग्रह.

या रीतीने साधा वर्तमानकाळ असा उलगडतो. आधी ज्याचे त्याने आपला दिवस पाच वाक्यांत सांगायचा : मी पहाटे पाचला उठते, बस पकडते, चौदा खोल्या आवरते. यात ‘स’ नाही, म्हणून जीभ मोकळी होते. नंतर शेजाऱ्याला विचारून त्याची हकिगत वर्गाला सांगायची. इथे ‘स’ येतो. मग नकार : मालक काय देत नाही, कामावर काय मिळत नाही. त्यानंतर प्रश्न : पगार कधी होतो, सुट्टी मिळते का, ही पट्टी कशासाठी कापता? शेवटी ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘कधीच नाही’ हे शब्द. एवढे आले की माणूस आपल्या कामाचे गाऱ्हाणे इंग्रजीत उभे करू शकतो.

यात ‘स’चा धडा सर्वांत हळवा असतो. ‘तो’ आणि ‘ती’ यांबद्दल बोला म्हटले की बहुतेकांना शेजारी बसलेला माणूस आठवत नाही. त्यांना मागे राहिलेली माणसे आठवतात. ‘माय मदर लिव्हज इन पुएब्ला. शी सेल्स तामालेस.’ माझी आई पुएब्लाला राहते, मक्याच्या पिठाचे तामालेस विकते. ‘माय सन गोज टू स्कूल. ही डझ नॉट नो मी.’ माझा मुलगा शाळेत जातो, तो मला ओळखत नाही. असे वाक्य आल्यावर एखादा ‘स’ राहिला तरी शहाणी बाई लगेच खडू उचलत नाही. आधी ऐकते. मग तेच वाक्य बरोबर ‘स’ लावून स्वतः हळूच म्हणते, आणि सांगणारी तिच्यामागे म्हणते. चूक सुधारते आणि कुणाचे मन दुखत नाही.

आम्ही स्वतः इंग्रजी पाचवीत सुरू केले. ‘ही गो’ म्हटले की तळहातावर छडी बसायची. ‘गोज’ पाठ झाले, पण ‘ज’ तिथे का लागतो हे कुणी सांगितले नाही. आणि कित्येक वर्षे इंग्रजीत तोंड उघडताना हात आपोआप मागे जायचा. आज आपल्या घरांत मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात. एखादी आई पोराच्या वहीत डोकावून ‘शी गो टू मार्केट’ असे वाचते, आणि पोरगा फिसकन हसतो. त्या पोराला आम्ही सांगू इच्छितो, बाळा, हसू नकोस. तुझ्या आईला ‘करतो, करतोस, करता, करतात’ ही सगळी रूपे न चुकता येतात. इंग्रजीला त्यांतले एकच सांभाळता आले. तो एक ‘स’ तिला समजावून सांग. आणि ती पुन्हा चुकली, तर पुन्हा सांग.